पंप घुमतो, पाणी येत नाही: मोटर जळलेली नसते

हर्णैपासून मालवणपर्यंत एक समज पक्का रुजला आहे: होडीच्या तळातलं पाणी काढणारा पंप घुमतो पण पाणी फेकत नाही, म्हणजे मोटर जळली, नवा आणा. हे चूक आहे. जळलेली मोटर सहसा फिरतच नाही. घुमणारा पंप जिवंत आहे, अडलंय दुसरीकडेच.

आधी खालची जाळी काढा. तिथे जाळ्याचे नायलॉनचे तुकडे, खवले, प्लॅस्टिक हमखास सापडतं. मग आतला पंखा बोटाने फिरवून बघा (वायर आधी सोडवा!); दोऱ्याचा एक वेढाही त्याला जखडतो.

जाळी साफ, पंखा मोकळा, तरी पाणी नाही? मग पाइपात हवा अडकली असणार. हा पंप पाणी ढकलतो, हवा ढकलू शकत नाही. पाइप मध्येच खाली झोळला असेल तर तिथे पाणी साठतं आणि मागची हवा कोंडते. पाइप पंपापासून बाहेरच्या तोंडापर्यंत सतत चढता ठेवा.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो वायरचा जोड. खाऱ्या पाण्याने तांबं हिरवं पडतं, विजेचा दाब (व्होल्टेज) उतरतो, मोटर मंद फिरते. पंप चालू असताना मीटर लावा. बॅटरीवर 12.5 व्होल्ट आणि पंपाशी 10.5 दिसले, तर दोष वायरिंगचा. जोड कापा, चकचकीत तांब्यावर नवा करा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. नुसती चिकटपट्टी पहिल्याच पावसात सुटते.