ठिबकचं अनुदान: आधी पूर्वसंमती, मग पाइप

ठिबकचं अनुदान हटकून अडतं ते एका घाईपायी. लागण तोंडावर येते, दुकानदार म्हणतो "न्या हो, कागद होतील मागून", आणि संच शेतात येऊन पडतो. कृषी विभागाच्या पूर्वसंमतीच्या, म्हणजे खरेदीआधी मिळणाऱ्या मंजुरीच्या, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. एवढं पाळलं तर बाकीचं काम किचकट असलं तरी अवघड नाही.

केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत 2 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची भर पडून ते 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत जातं. मात्र हे टक्के दुकानाच्या बिलावर नसून सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असतात. मापदंड पिकाच्या दोन ओळींतल्या अंतरावर ठरतो, म्हणून अर्जात अंतर जपून भरा. अनुदान मिळतं ते जास्तीत जास्त 5 हेक्टरपर्यंत.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, शेतकरी पोर्टलवर करायचा. त्यासाठी आता फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक लागतो. नसेल तर आधी तो काढा. 'सिंचन साधने व सुविधा' निवडा, गट नंबर आणि क्षेत्र भरा, 23 रुपये 60 पैसे शुल्क भरा. निवड झाल्याचा मेसेज आला की कागदपत्रं: सातबारा, आठ-अ, संचाचं कोटेशन, लागू असल्यास जातीचा दाखला. जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र; भावकीत हेच सगळ्यात उशिरा मिळतं. विहीर किंवा बोअर सातबाऱ्यावर नोंदलेली आहे का, तेही आधीच बघा.

पूर्वसंमती आली की नोंदणीकृत विक्रेत्याकडून संच घ्या, बिल अपलोड करा. कृषी विभागाची माणसं येऊन मोका तपासणी करतात, म्हणजे बसवलेला संच शेतात बघतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात.

संच बसला तरी पाणी किती द्यायचं ते जमिनीलाच विचारावं लागतं. ठिबकवाल्या रानात वरची माती कोरडी दिसते म्हणून कॉक उघडू नका. मुळांच्या खोलीवरची, साधारण वीतभर खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन तो बोटाने सहज फुटला तर वाफसा आहे, म्हणजे ओल पुरेशी आहे. आकडा हवा असेल तर टेन्शिओमीटर लावा, म्हणजे माती पाणी किती घट्ट धरून आहे ते दाखवणारं, मातीत रोवायचं मीटर. त्याचा काटा जितका चढेल तितकी माती कोरडी. भेगाळणाऱ्या काळ्या रानात त्याच्या टोकाची मातीशी पकड सुटते आणि काटा फसवतो. तिथे मूठच बरी.