क्लोझापिन आणि दर आठवड्याची सुई

क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध लिहून दिलं की रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात, दर आठवड्याला रक्त कशाला? याचं उत्तर १९७५ सालच्या फिनलंडमध्ये सापडतं.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या वांडर कंपनीने हे औषध १९५०च्या दशकाच्या अखेरीस तयार केलं. शोध चालला होता तो नैराश्यावरच्या गोळ्यांचा. त्याआधी १९५२मध्ये पॅरिसला दले आणि देनिकेर या मनोविकारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमाझिन हे भास-संशयावरचं पहिलं औषध वापरलं, आणि पुढच्या काही वर्षांत एक समजूत रुजली: अंग कडक झालं, हात थरथरू लागले, म्हणजे औषध लागू पडतंय. प्रयोगशाळेतली चाचणीही त्याच मापाची. उंदीर ताठरला तर औषधात दम आहे. क्लोझापिनने उंदीर ताठरेना, म्हणून ते बाजूलाच पडायचं. पण रुग्णांचे भास आणि संशय कमी होत होते, अंगही मोकळं राहत होतं. १९७२मध्ये ते युरोपात विक्रीला आलं.

फिनलंडमध्ये ते १९७५च्या सुरुवातीला पोहोचलं आणि काही महिन्यांतच आठ रुग्ण दगावले. त्यांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या; याला अ‍ॅग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. या पेशी नसल्या की घशाचा साधा संसर्गही रक्तात पसरतो. अनेक देशांतून औषध मागे घेतलं गेलं. काही ठिकाणी मात्र डॉक्टरांनी ते कडक अटींवर चालू ठेवलं, कारण बंद केलं की बरे झालेले रुग्ण पुन्हा बिघडत.

ते परत आलं १९८८च्या अमेरिकी अभ्यासामुळे. निवड मुद्दामच अवघड रुग्णांची होती: आधीची किमान तीन औषधं निष्फळ ठरलेली, वर हॅलोपेरिडॉल या त्याच प्रकारच्या जुन्या औषधाचाही सहा आठवडे उपयोग न झालेला. असे २६८ जण. पुढच्या सहा आठवड्यांत क्लोझापिनने ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनने ४. पुढच्याच वर्षी अमेरिकेत परवानगी मिळाली, अट एकच: रक्ताचा रिपोर्ट नाही तर गोळी नाही. सुरुवातीला कंपनीने गोळी आणि तपासणी एकत्रच विकली, वर्षाला जवळपास नऊ हजार डॉलरला. त्यावरून खटले झाले आणि ते बरंच झालं.

अटीचा उपयोग किती, हे १९९३मध्ये दिसलं. ११,५५५ रुग्णांपैकी ७३ जणांना अ‍ॅग्रॅन्युलोसायटोसिस झाला, दगावले दोन. बहुतेकांना तो पहिल्या तीन महिन्यांत झाला होता. म्हणून अमेरिकी वेळापत्रकात पहिले सहा महिने दर आठवड्याला, पुढचे सहा महिने पंधरवड्याला, मग महिन्याला तपासणी असे.

तपासणी म्हणजे साधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पण डिफरन्शियलसह, म्हणजे पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजून. बऱ्याच रिपोर्टांत न्यूट्रोफिलची फक्त टक्केवारी असते, तेव्हा आकडा स्वतः काढावा लागतो. एकूण पांढऱ्या पेशी ५२०० आणि न्यूट्रोफिल ५८ टक्के असतील तर ३०१६. अमेरिकी नियमांत सुरुवातीला तो किमान १५०० हवा, १०००च्या खाली गेला की औषध थांबवायचं. ताप आला किंवा घसा धरला तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रक्त द्यायचं.

२००९मध्ये फिनलंडच्याच ६६,८८१ रुग्णांच्या अकरा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यात सर्वांत कमी मृत्युदर क्लोझापिन घेणाऱ्यांचा होता. या निष्कर्षावर वाद झाले, तरी सुईच्या भीतीने औषध लांबणीवर टाकण्याची सवय त्यामुळे प्रश्नात आली. २०२५मध्ये अमेरिकेने रक्ताच्या रिपोर्टांची सक्तीची नोंदणी काढून टाकली. तपासणीचा सल्ला कायम आहे.

या पन्नास वर्षांत सगळं लक्ष रक्ताकडे राहिलं आणि बद्धकोष्ठ मागे पडलं. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते. आतडं अडून रुग्ण दगावलेले आहेत. पोट साफ होतंय का, हे दर भेटीत विचारायला हवं. पहिल्या काही आठवड्यांत छातीत दुखलं, धाप लागली किंवा विश्रांतीतही नाडी जोरात चालली, तर हृदयाच्या स्नायूला सूज आली असू शकते. बिडी-सिगारेटच्या धुराने औषध शरीरात लवकर मोडतं, त्यामुळे रुग्णाने धूम्रपान अचानक सोडलं की त्याच डोसला रक्तातली पातळी चढते, गुंगी येते, आकडीचे झटकेही येऊ शकतात. आणि गोळ्या दोन दिवसांहून जास्त चुकल्या तर जुना ३०० मिलिग्रॅमचा डोस एकदम द्यायचा नाही. डॉक्टरांना विचारून पुन्हा १२.५पासून, म्हणजे २५च्या अर्ध्या गोळीपासून चढवत न्यायचा. नाहीतर रक्तदाब घसरून रुग्ण कोसळतो.