पुलमन ते मॉस्को, मधे ८ मैल

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये जी फोडाफोडी चालली आहे (हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको), तिची चर्चा टेक्सस, ओक्लाहोमा अशा बड्या विद्यापीठांपाशीच थांबते. झळ कुणाला बसते ते पाहायचं तर वॉशिंग्टन आणि आयडाहो राज्यांच्या सीमेवर जावं. पुलमन आणि मॉस्को ही तिथली दोन विद्यापीठांची गावं. मधे जेमतेम ८ मैल, सभोवती गव्हाची शेतं.

एकेकाळी दोघं एकाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात होती. १९१५ साली सुरू झालेली ही पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स खेळाडूंना चोरून पैसे दिल्याच्या प्रकरणांनंतर १९५९ मध्ये मोडली. बड्यांनी लगेच नवा संसार मांडला. पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये त्यात घेतलं. मॉस्कोच्या आयडाहो विद्यापीठाला नाहीच.

पैशाचा खेळ सुरू झाला तो १९८४ पासून. टीव्हीच्या हक्कांवरची एनसीएएची, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या संघटनेची, मक्तेदारी सुप्रीम कोर्टाने मोडली आणि कॉन्फरन्स आपापले सामने विकू लागल्या. मग मोठ्या गटातून कुणी गेलं की भरती खालून. २०२१ चंच बघा: जुलैत टेक्सस आणि ओक्लाहोमाने बिग ट्वेल्व्हला सोडचिठ्ठी द्यायचं ठरवलं. सप्टेंबरात बिग ट्वेल्व्हने अमेरिकन कॉन्फरन्सचे तीन संघ उचलले, ऑक्टोबरात अमेरिकनने कॉन्फरन्स यूएसएचे सहा, आणि नोव्हेंबरात कॉन्फरन्स यूएसएने थेट खालच्या विभागातल्या जॅक्सनव्हिल स्टेट, सॅम ह्यूस्टनला बोलावलं.

आयडाहोची वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स तर इतकी पोखरली गेली की २०१२ च्या हंगामानंतर तिथलं फुटबॉलच बंद पडलं. एक वर्ष बिनगटाचं, चार वर्षं दूर दक्षिणेतल्या सन बेल्टमध्ये, आणि तिनेही करार वाढवला नाही. २०१८ मध्ये संघ खालच्या विभागात, बिग स्कायमध्ये उतरला.

२०२३ मध्ये पाळी पुलमनची. पॅक-ट्वेल्व्हमधून, म्हणजे बड्यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या त्याच संसारातून, दहा जणांनी जायचं ठरवलं. उरले वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. पण कोर्टात जाऊन त्यांनी कॉन्फरन्सची सूत्रं हातात ठेवली, आणि २०२४ मध्ये माउंटन वेस्ट या दुसऱ्या गटाचे पाच संघ फोडले. माउंटन वेस्टने मग पार इलिनॉयपर्यंत हात लांबवून नॉर्दर्न इलिनॉयला घेतलं, तेही फक्त फुटबॉलपुरतं. त्यांच्या बास्केटबॉल, व्हॉलीबॉलच्या पोरापोरींसाठी हॉरायझन लीगमध्ये वेगळी सोय बघावी लागली.