शेवटच्या पेंढीपासून पाच नोव्हेंबरच्या आगीपर्यंत

सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडमधील अनेक चर्चमध्ये वेदीपुढे गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव ठेवतात. त्यातली ताटे, कणसे आणि पेंढीभोवतीचा बंद हे सारे कणकेचेच असते, आणि पुष्कळदा ताटांवर चढणारा कणकेचा एक छोटा उंदीरही असतो. हा पाव पाहून सण फार पुरातन वाटतो. पण चर्चमधील सध्याच्या सुगीच्या उत्सवाचा आरंभ साधारणपणे १८४३ सालचा मानला जातो. त्या वर्षी कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो या गावचे धर्मगुरू रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी नव्या धान्याबद्दल आभार मानण्यासाठी गावकऱ्यांना चर्चमध्ये बोलावले, आणि पुढे व्हिक्टोरियन काळात ही पद्धत देशभर रूढ झाली.

हॉकर यांच्यासमोर एक जुना आधार होता. १ ऑगस्टच्या ‘लॅमस’ या सणाच्या नावाचा मूळ अर्थच पावाची प्रार्थना असा असून, नव्या गव्हाचा पहिला पाव त्या दिवशी चर्चमध्ये नेला जाई. शेतावरची सुगी मात्र चर्चबाहेरच साजरी होई. कॉर्नवॉलमध्ये शेवटची मूठभर उभी ताटे कापणारा गडी ती डोक्यावर उंच धरून ‘मिळाली!’ असे ओरडे, बाकीचे ‘काय मिळाले?’ असे विचारत, आणि ‘नेक!’, म्हणजे ती शेवटची पेंढी, हे उत्तर तीनदा घुमे. त्या ताटांची बाहुली विणून घरात टांगत. रात्री मालक आणि मजूर एका मेजावर जेवत व भरपूर बिअर पीत. हे पिणे अनेक धर्मगुरूंना खटकत होते, आणि कापणीची यंत्रे आल्यावर मजुरांचे ते मोठे ताफेही उरले नाहीत. जेवणावळीची जागा प्रार्थनेने घेतली, ती या दोन्ही कारणांनी.

सुगी संपली की हिशेब येई. २९ सप्टेंबरचा ‘मायकेलमस’, म्हणजे देवदूत मायकेलचा सण, हा खंड भरण्याचा आणि सालगडी बदलण्याचा दिवस होता. कापलेल्या शेतात पडलेले दाणे टिपून माजलेला गूज, म्हणजे बदकासारखाच पण मोठा पाळीव पक्षी, त्या दिवशी पानात असे. सैतान स्वर्गातून ब्लॅकबेरीच्या काटेरी झुडपात पडला, म्हणून मायकेलमसनंतर ती फळे तोडू नयेत, ही समजूत मला विशेष अर्थपूर्ण वाटते, कारण त्या सुमारास ओल आणि थंडीने ती फळे खरोखरच नासू लागतात.

हॅलोविनचे मूळ अधिक गुंतागुंतीचे आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर ‘साविन’ पाळत. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा (त्याची आदली रात्र म्हणजेच हॅलोविन) आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतात्म्यांचा दिवस असे, आणि मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या गरिबांना ‘सोल केक’ देत. पुढे प्रोटेस्टंट चर्चने मृतांसाठीच्या प्रार्थनेलाच नकार दिला, तरी चेशायरसारख्या भागांत गाणी म्हणत केक मागत फिरणे टिकले.

इंग्लंडची शरदातली सर्वांत मोठी आग मात्र राजकारणातून पेटली. ४ नोव्हेंबर १६०५ च्या रात्री हाउस ऑफ लॉर्ड्सखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे आणि त्यांची राखण करणारा गाय फॉक्स सापडला; राजासकट संसद उडवून देण्याच्या कॅथलिकांच्या कटातला तो एक होता. राजा बचावला म्हणून ५ तारखेला लंडनकरांनी रस्त्यांवर आगी पेटवल्या. आनंदाची ती तेव्हाची रीतच होती. या आगीचा धागा थेट साविनशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण कट उधळल्याचा दिवस आणि संसदेचा कायदा समोर असताना त्याची गरज मला वाटत नाही. १६०६ मध्ये संसदेने दरवर्षी त्या दिवशी चर्चमध्ये आभारप्रार्थना बंधनकारक केली, आणि ती सक्ती १८५९ पर्यंत टिकली. सतराव्या शतकात आगीत बहुधा पोपचा पुतळा जाळत. जुन्या कपड्यांत पेंढा भरलेला ‘गाय’, म्हणजे गाय फॉक्सचा पुतळा, नंतर रूढ झाला. त्याला घेऊन मुले ‘गायसाठी एक पेनी’ मागत. उत्तरेत त्या रात्री ओटचे पीठ, काकवीसारखा काळा पाक आणि आले घातलेला ‘पार्किन’ खातात. ससेक्समधील लुइस गावात मिरवणुकीत १७ जळते क्रूस नेतात. १५५५ ते १५५७ या काळात तिथे जाळल्या गेलेल्या १७ प्रोटेस्टंटांची ती आठवण आहे.

आज इंग्लंडमध्ये रात्री ११ नंतर फटाके उडवण्यास मनाई आहे. ५ नोव्हेंबरला ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढते, आणि त्याच नियमांत दिवाळीचे नाव घेऊन त्या रात्री १ वाजेपर्यंत मुभा दिली आहे.