अपिवनस्पती

दुसऱ्या झाडाच्या खोडावर किंवा फांदीवर वाढणारी, पण त्याच्या रसावर न जगणारी वनस्पती म्हणजे अपिवनस्पती. आधारवृक्ष तिला जागा आणि उजेड देतो. पाणी ती पाऊस-धुक्यातून घेते, तर क्षार धुळीतून आणि कुजलेल्या पाल्यातून मिळवते. एकाचा लाभ होतो आणि दुसऱ्याचे नुकसान होत नाही, अशा संबंधाला सहभोजिता म्हणतात.

बांडगुळाशी तिची गल्लत वारंवार होते आणि आंब्याची बांडगुळे काढताना निरुपद्रवी ऑर्किडही ओरबाडली जातात, हे फार वाईट आहे. बांडगूळ आपले शोषक मूळ सालीतून लाकडापर्यंत घुसवते आणि झाडाचे पाणी व क्षार ओढते. सीतेची वेणी या ऑर्किडची मुळे मात्र सालीला वरवर चिकटलेली असतात.

सह्याद्रीत चार महिने धो धो पाऊस आणि पुढे लांबलचक कोरडा काळ, त्यामुळे फांदीवरचे जगणे कठीण असते. ऑर्किडच्या हवाई मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते कोरडे असताना पांढरे दिसते. भिजले की पाणी टिपून घेते आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. डेंड्रोबियमच्या काही जाती फुगीर खोडात पाणी साठवतात, उन्हाळ्याआधी पाने गाळतात आणि निष्पर्ण खोडावरच फुलतात. ऑर्किडच्या धुळीएवढ्या बारीक बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. बाशिंग या नेच्याची तर पानेच दोन प्रकारची असतात: हिरवी पाने अन्न आणि बीजाणू तयार करतात, तर बुंध्याशी असलेल्या तपकिरी, कोरड्या पानांत पालापाचोळा अडकून त्याची माती होते.

या मातीचा उपयोग कधी कधी आधारवृक्षालाही होतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील वर्षावनात मेपलसारखी झाडे स्वतःच्या फांद्यांतून मुळे फोडून वरच्या शेवाळी थरात शिरतात, असे संशोधक नलिनी नाडकर्णी यांनी 1981 मध्ये दाखवून दिले. उलट, भिजलेल्या अपिवनस्पतींच्या भाराने जुनी फांदी मोडूही शकते. म्हणून ‘नुकसान नाही’ ही व्याख्या ढोबळच मानावी.

वड-पिंपळांचे उदाहरण याहून टोकाचे आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले त्यांचे बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजते आणि रोपटे सुरुवातीला अपिवनस्पती म्हणूनच वाढते. मुळे जमिनीला पोहोचल्यावर ती जाड होऊन आधारवृक्षाला आवळतात, त्याचा उजेडही अडतो आणि पुष्कळदा तो मरतो.