घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय? अजिबात नाही
आमच्या डिचोलीच्या घरी काका सोप्यावर घोरायला लागले की आजी म्हणायची, "झोपूं दे रे, दमलाय तो." हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो खरंच चुकीचा आहे. नीट ऐकलं तर कळायचं, घोरणं मधेच थांबायचं, आठ-दहा सेकंद काहीच आवाज नाही, मग एकदम हिसका बसून मोठा श्वास, आणि परत सुरू.

याला स्लीप अॅप्निया म्हणतात. झोपेत घसा आतून मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून अर्धवट जागा करतो, आणि दर वेळी बीपी नि ठोके वर जातात. तासाला पाच-पाच, तीस-तीस वेळा, वर्षानुवर्षं! त्यातूनच बीपी गोळ्यांना दाद देत नाही, ठोके अनियमित होतात, हार्ट अटॅक-स्ट्रोकचा धोका वाढतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने तर 2022 मध्ये झोप हृदय निरोगी ठेवणाऱ्या आठ मुख्य गोष्टींत घातली.

रात्री फेणी घेतली की झोप छान लागते हेही तसंच, दारूने घसा आणखी सैल पडतो. प्रत्येक घोरणारा आजारी नसतो, पण श्वास अडकत असेल, सकाळी डोकं दुखत असेल, दिवसा स्कूटरवर डुलकी येत असेल तर डॉक्टरला सांगून स्लीप स्टडी (झोपेतला श्वास नि ऑक्सिजन मोजणारी तपासणी) करून घ्याच, सीपॅप मशीनने (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) बऱ्याच जणांचा त्रास पहिल्याच काही रात्रींत कमी होतो.