व्हायरल मार्केटिंग

नव्या उत्पादनाची माहिती ते वापरणाऱ्यांच्याच हातून पुढच्या ग्राहकापर्यंत पोहोचावी, अशी सोय उत्पादनातच करून ठेवण्याची पद्धत. जाहिरातीला पैसा नसलेल्या स्टार्टअपना ती विशेष उपयोगी पडते. एखादी चित्रफीत ‘व्हायरल झाली’ असे सर्रास म्हणतात, तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. चित्रफीत आवडली म्हणून पुढे पाठवली जाते. येथे नुसत्या वापरातूनच प्रसार घडतो.

संज्ञेच्या उगमाबद्दल एकमत नाही. श्रेय बहुधा टिम ड्रेपर व स्टीव्ह जर्व्हेटसन या गुंतवणूकदारांना दिले जाते. हॉटमेल या मोफत ई-मेल सेवेविषयी लिहिताना त्यांनी १९९७ मध्ये ती रूढ केली. परंतु हार्वर्ड बिझनेस स्कूलचे जेफ्री रेपोर्ट यांचा ‘फास्ट कंपनी’ या मासिकातील याच विषयावरचा लेख १९९६ च्या अखेरचा आहे. १९८९ च्या ‘पीसी यूझर’ या नियतकालिकातही, कचेरीत एकदोन मॅकिंटॉश संगणक शिरले की ते सगळीकडे पसरतात, अशा संदर्भात हा शब्दप्रयोग आढळतो. तेव्हा शब्द जुना, त्याला नेमका अर्थ मात्र हॉटमेलमुळे आला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

साबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केलेल्या हॉटमेलमध्ये प्रत्येक पत्राच्या तळाशी, मोफत खाते उघडा असे सुचवणारी एक ओळ आपोआप जोडली जाई. ओळखीच्याचे पत्र नीट हाती पडले, हाच सेवा चालत असल्याचा पुरावा ठरे. दीड वर्षात सुमारे १.२ कोटी लोकांनी नोंदणी केली.

प्रसार ‘के’ या गुणकाने मोजतात; कल्पना साथरोगशास्त्रातली. दर वापरकर्त्यामागची सरासरी आमंत्रणे गुणिले आमंत्रणामागे नोंदणीचे प्रमाण, म्हणजे के. प्रत्येकी ५ आमंत्रणे आणि दहांतून एक नोंदणी असेल, तर के ०.५. पहिले १०० जण ५० आणतात, ते २५, ते बारा-तेरा. साखळी २०० च्या आसपास थांबते. म्हणून पद्धत फसली असे नव्हे: बाहेरून मिळवलेल्या प्रत्येक ग्राहकामागे आणखी एक विनाखर्च मिळतो.

के १ च्या वर, म्हणजे साखळी वाढतच जाईल इतका, फार काळ राहत नाही, कारण ओळखीची वर्तुळे एकमेकांत गुंतलेली असतात आणि त्याच माणसाला पुन्हा पुन्हा आमंत्रण जाते. सुरुवातीच्या उत्साही मंडळींवरून काढलेला के पुढच्यांना लावणे ही नेहमीची चूक. बक्षीस ठेवले की खोटी खाती उघडली जातात. फाइली इंटरनेटवर साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने बोलावणारा व येणारा अशा दोघांनाही जादा साठवणजागा दिली, पण नवागताने संगणकावर प्रणाली बसवल्यानंतरच.